चायकोव्हस्कीवरचं मराठी नाटक: लग्न, पत्रं, मृत्यू आणि संगीत कसं हाताळावं?

तिसरी_घंटा

प्योत्र इल्यिच चायकोव्हस्कीवर (१८४०–१८९३) दोन अंकी मराठी नाटक लिहून होत आलं आहे. रशियाने ज्याला राष्ट्राचा संगीतकार म्हणून डोक्यावर घेतलं, त्याचं समलिंगी असणं मात्र दडवून ठेवलं, हा विषय. सात कलाकार, मध्यंतर धरून २ तास १० मिनिटं.

सध्याचा आराखडा असा आहे. पहिल्या अंकात १८७७ सालचं अंतोनिना मिल्युकोवाशी लग्न, ते मोडणं आणि नदीत उतरून जीव द्यायचा प्रयत्न. दुसऱ्या अंकात नादेज्दा फॉन मेक या धनाढ्य विधवेशी पत्रमैत्री, ती तुटणं, मग १८९३. जुने शाळासोबती ‘सन्मान न्यायालय’ भरवतात, त्याला विष घ्यायला लावतात आणि सहाव्या सिंफनीच्या शेवटच्या सुरांवर पडदा पडतो.

यातलं इतिहासाला धरून किती आहे? पत्रं खूप आहेत, ती नुसती वाचून दाखवली की प्रयोग बसतो, त्याला उपाय काय? आणि संगीत रेकॉर्डिंगवरून घ्यावं की वाजवून? जाणकारांनी मोकळेपणाने सांगावं.

व्होल्गाकाठ

आधी विषाचा प्याला काढा. त्याच्यामुळे तुमचं अख्खं नाटक चुकीच्या दिशेला ओढलं जातंय.

सन्मान न्यायालयाची गोष्ट अलेक्सांद्रा ओर्लोवा या संशोधिकेने १९७९मध्ये सोव्हिएत संघ सोडल्यावर पुढे आणली. तिचा आधार काय, तर निकोलाय याकोबी या वकिलाच्या विधवेने १९१३मध्ये एकाला सांगितलं आणि त्याने १९६६मध्ये ओर्लोवाला सांगितलं. कागद एकही नाही. उलट बाजूला डॉक्टरांनी दिलेला आजाराचा तपशील आहे आणि त्या वेळी पीटर्सबर्गमध्ये कॉलऱ्याची साथ चालू होती. जुन्या गणनेने २१ ऑक्टोबरला तो आजारी पडला आणि २५ ऑक्टोबरच्या पहाटे तीनच्या सुमारास गेला. आपल्या कॅलेंडरप्रमाणे ६ नोव्हेंबर.

आदल्या रात्री उपाहारगृहात न उकळलेलं पाणी प्यायला, हा प्रसंग नाटकात सगळ्यांनाच मोह पाडतो. पण कॉलऱ्याची लक्षणं संसर्गानंतर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत केव्हाही दिसतात. तोच पेला कारण ठरला असं छातीठोक म्हणता येत नाही. पेल्यावर स्पॉट टाकलात की प्रेक्षक ‘त्याने मुद्दाम प्यायलं’ असंच समजणार. तेव्हा पेला दाखवायचाच तर टेबलावरच्या इतर भांड्यांत असू द्या.

न्यायालयाची कथा समाजाच्या बाजूनेही टिकत नाही. त्या काळच्या रशियन दंडसंहितेत पुरुषांमधल्या संबंधांविरुद्ध कलम ९९५ होतं, हक्क काढून घेऊन सायबेरियात पाठवण्याची तरतूद होती. पण वरच्या वर्गातल्या लोकांवर ते क्वचितच लावलं गेलं. प्रिन्स व्लादिमिर मेश्चेर्स्की हा चायकोव्हस्कीच्याच विधी विद्यालयात शिकलेला. त्याच्या समलिंगी संबंधांचा गवगवा झाला, तरी तो झारच्या मर्जीतला राहिला. आणि चायकोव्हस्कीला त्याच झारने, तिसऱ्या अलेक्झांडरने, १८८८मध्ये वर्षाला ३,००० रूबल पेन्शन बांधून दिलं. अंत्ययात्रा कझान कॅथीड्रलमधून निघाली. असल्या माणसाला गुपचूप विष पाजण्याची गरज कोणाला होती?

नदीचा प्रसंगही एकाच माणसाच्या सांगण्यावर उभा आहे. सहकारी काश्किन याने तो चाळीसेक वर्षांनी लिहिला. ठेवायचा असेल तर काश्किनलाच रंगमंचावर आणा आणि त्याच्या तोंडून सांगवा. घडताना दाखवू नका.

आता लग्न. ६ जुलै १८७७ला लग्न, २४ सप्टेंबरला तो मॉस्को सोडून कायमचा निघाला. ऐंशी दिवस. त्यातले साडेसहा आठवडे तो एकटाच, बराचसा बहिणीकडे कामेन्काला होता. एका छपराखाली नवरा-बायको म्हणून काढलेले दिवस पस्तिसाच्या आतच भरतात. तुमच्या आराखड्यात हा संसार पूर्ण अंकभर पसरलाय, तो फार झाला.

अंतोनिनाला वेडी दाखवू नका, ही कळकळीची विनंती. चरित्रकारांनी वर्षानुवर्षं तिला मूर्ख, वखवखलेली, बिनडोक ठरवलं. ती मनोरुग्णालयात गेली १८९६मध्ये, म्हणजे तो गेल्यानंतर तीन वर्षांनी. १८७७मध्ये ती अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, कॉन्झर्व्हेटरीत (संगीत विद्यालयात) काही काळ शिकलेली, प्रेमात पडलेली बाई होती. तिच्या आठवणी १८९४मध्ये छापून आल्या, त्यात नवऱ्याविषयी कडवटपणा नाही. त्यांचा कायदेशीर घटस्फोट कधीच झाला नाही. लपवाछपवीची सगळ्यात जास्त किंमत या नाटकात कोणी मोजली असेल तर तिने.

अर्धविराम

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त पत्रांच्या भाषेबद्दल लिहितो, कारण इथे मराठीला मोठा फायदा आहे आणि इंग्रजीवरून रूपांतर करताना नेमका तोच हातचा जातो.

रशियनमध्ये ‘ती’ आणि ‘व्ही’ म्हणजे आपलं ‘तू’ आणि ‘तुम्ही’. इंग्रजीत दोन्ही एकच होतात. त्यामुळे इंग्रजी भाषांतर समोर ठेवलं की सगळे सगळ्यांशी एकाच पट्टीत बोलायला लागतात. भाऊ मदेस्त आणि अनातोली यांच्याशी ‘तू’. फॉन मेक बाईंशी १८७६च्या डिसेंबरपासून १८९०पर्यंत, हजाराहून जास्त पत्रांत, कायम ‘तुम्ही’. मराठीत तिथे ‘आपण’ जास्त शोभेल. चौदा वर्षं मनातलं सगळं सांगूनही ‘आपण’चं ‘तू’ झालं नाही, हे नुसत्या सर्वनामाने कळतं, वेगळा संवाद लागत नाही.

नावांचंही तसंच. कोणीही त्याला तोंडावर ‘चायकोव्हस्की’ म्हणणार नाही. घरात ‘पेत्या’, बाहेर मानाने ‘प्योत्र इल्यिच’. मदेस्तचा ‘मोद्या’, अनातोलीचा ‘तोल्या’, नोकर अलेक्सेई सोफ्रोनोवचा ‘अल्योशा’. सुरुवातीच्या पाचेक मिनिटांत ही जोड्यांची नावं एकेकदा कानावर घालून ठेवा, नाहीतर प्रेक्षक मध्यंतरापर्यंत माणसंच मोजत बसतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मदेस्तही समलिंगी होता. या दोन भावांच्या पत्रांत एक खास बोली आहे, लाडाने एकमेकांना स्त्रीलिंगी नावं देणं त्यात येतं. पीटर्सबर्गच्या त्या वर्तुळात ‘त्योत्का’ हा शब्द चालायचा, शब्दशः मावशी किंवा आत्या. रशियन भूतकाळी क्रियापदाला आपल्यासारखंच लिंग असतं. म्हणजे ‘मी आलो’ बोलणारा माणूस भावाशी एकांतात एकदा ‘मी आले’ म्हणाला, तर मराठी प्रेक्षकाला काहीही समजावून सांगावं लागणार नाही. फक्त नटाने तो शब्द हावभावाविना, रोजच्या आवाजात टाकायचा. हात वळवला, मान वेळावली की लोक हसतील आणि तो क्षण गेला. पूर्ण नाटकात असं दोन वेळा पुरे.

वाचनाचा हिशेब: मराठी पत्र रंगमंचावर नीट ऐकू येईल अशा गतीने वाचलं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. दीडशे शब्दांच्या वर एकही पत्र सलग ठेवू नका. कोण वाचतंय तेही बदला. लिहिणाऱ्यापेक्षा ज्याला पत्र मिळालं त्याने वाचणं बहुतेक वेळा जास्त चढतं, कारण वाचताना त्याचं काहीतरी होत असतं. फॉन मेक बाईंबाबत मात्र दोघांना एका प्रकाशात आणू नका. भेटायचं नाही हा दोघांचा करार होता. १८७९च्या उन्हाळ्यात रानातल्या रस्त्यावर गाड्या समोरासमोर आल्या, त्याने टोपी काढली, शब्द एकही नाही. तेवढ्या एकाच वेळी दोघांवर एक प्रकाश टाका.

तिसरी_घंटा

दोघांचेही आभार. अंतोनिनाचा मुद्दा पटला, तिचे दोन प्रवेश नव्याने लिहायला घेतले आहेत.

पण एक पेच उरतोच. विष काढलं, नदी काढली. १८७८च्या फेब्रुवारीत तर तो फ्लॉरेन्सहून अनातोलीला लिहितो की आपण स्वभावतः जे आहोत ते नसावं अशी धडपड करण्याइतकं निष्फळ दुसरं काही नाही. म्हणजे सदतिसाव्या वर्षी त्याने स्वतःला मान्य केलं. मग पुढची पंधरा वर्षं संघर्ष कुठे आहे? दुसरा अंक कशावर उभा करायचा?

व्होल्गाकाठ

दुसरा अंक त्याच्या मृत्यूनंतर सुरू करा.

तुम्ही विषय सांगितलात ‘दडवून ठेवलं’. कोणी दडवलं? त्याच्या हयातीत भावांना ठाऊक होतं, जवळच्या मित्रांना ठाऊक होतं. तो जपून राहायचा, गावगप्पांना भ्यायचा, १८७६मध्ये लग्नाचं मनावर घेतलं तेही मुख्यतः लोकांची तोंडं बंद व्हावीत आणि घरच्यांना त्रास नको म्हणून. तरी आपल्या माणसांना तो लिहीत होता. खरं झाकणं पुढे झालं आणि ते कागदावर, ओळ न् ओळ झालं. तेच दाखवण्याजोगं आहे.

पहिला हात मदेस्तचा. त्याने १९००–१९०२मध्ये भावाचं तीन खंडांचं चरित्र काढलं. ज्याला सगळं माहीत, जो स्वतः तसाच, तोच पत्रं निवडतोय आणि कुठे थांबायचं ते ठरवतोय. या माणसाला खलनायक करता येत नाही. त्याच्या जागी आणखी काय करता आलं असतं, हा प्रश्न नटाला पूर्ण प्रवेश पुरेल.

दुसरा हात सोव्हिएत संपादकाचा. १९४० साल घ्या. जन्मशताब्दी. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीला त्याचं नाव दिलं जातं, तो जनतेचा संगीतकार ठरतो. त्याच देशात १९३४पासून पुरुषांमधल्या संबंधांना पुन्हा ३ ते ५ वर्षांची शिक्षा आहे. (क्रांतीनंतर जुनं कलम गेलं होतं, स्टालिनच्या काळात ते परत आलं आणि १९९३मध्ये रद्द झालं.) कुटुंबीयांना लिहिलेल्या पत्रांचा खंड १९४०मध्ये निघाला. त्यात जे छापून गेलं होतं, त्यातलंही काही पुढे समग्र पत्रांच्या आवृत्तीत गाळलं गेलं. ती आवृत्ती १९५९ ते १९८१ अशी बावीस वर्षं चालली होती.

गाळलेल्या जागी छापील पानावर असतात तीन टिंबं. वाक्य चालू असतं, हवापाणी, पैसे, पोटदुखी, मग टिंबं, मग पुन्हा हवापाणी. एका कल्पित संपादकाला टेबल द्या, लाल पेन्सिल द्या. पहिल्या अंकात प्रेक्षकाने जे पत्र पूर्ण ऐकलंय, तेच दुसऱ्या अंकात त्याच्यासमोर येतं. पेत्या मागे उभा राहून तेच वाचतोय आणि संपादकाची पेन्सिल टेकली की त्याचा आवाज बंद, ओठ चालूच. तीन टिंबांनंतर आवाज परत. नव्वद सेकंदांचा प्रवेश आहे. यासाठी ते पत्र पहिल्या अंकात प्रेक्षकांच्या लक्षात राहिलंच पाहिजे, म्हणून त्यात एखादी क्षुल्लक पण पक्की खूण ठेवा: हरवलेला हातमोजा, चहाची तक्रार, असं काहीतरी.

मॉस्कोजवळच्या क्लीन गावातलं घरही सोडू नका. शेवटचं दीड वर्ष तो तिथे भाड्याने राहिला. मृत्युपत्राने सामान गेलं नोकराला, अल्योशाला. अल्योशाने पुढे घरच विकत घेतलं, त्याच्याकडून मदेस्त आणि भाचा व्लादिमिर दाविदोव यांनी घेतलं आणि १८९४मध्ये तिथे संग्रहालय झालं. पत्रं तिथेच जपली गेली आणि तिथेच कुलपातही राहिली.

आजवर आणायचं असेल तर एक ओळ बास: रशियात समलिंगी संबंधांच्या ‘प्रचारा’वर बंदी घालणारा २०१३चा कायदा, २०२२मध्ये तो सगळ्या वयांना लागू झाला आणि ३० नोव्हेंबर २०२३ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. बोल्शोय थिएटरचा समलिंगी नर्तक नुरेयेव्हवरचा बॅले २०१७मध्ये आला होता, तो २०२३मध्ये कार्यक्रमातून गेला. तुमचं नाटक आज मॉस्कोत होऊ शकणार नाही. हे पत्रकात छापा. पात्राच्या तोंडी घातलंत तर भाषण होईल.

विंगेतला

संहितेबद्दल वरचे बोललेच आहेत, मी प्रयोगाच्या अडचणी सांगतो.

तारखा. एकोणिसाव्या शतकात रशियाचं कॅलेंडर बारा दिवस मागे होतं. रशियन पुस्तकं जुनी तारीख देतात, इंग्रजी बहुधा नवी, आणि परदेशातून लिहिलेल्या पत्रांवर तो कधीकधी दोन्ही घालतो. मिसळलं की उत्तर पत्राच्या आधी येतं. संहितेच्या समासात सगळ्या तारखा एकाच पद्धतीने लिहून काढा. संवादात तारखा नकोतच, ऋतू सांगा.

रंगभूषा. १८७७चा तो सदतीस वर्षांचा, दाढी-केस तपकिरी. १८९३ला त्रेपन्नाव्या वर्षी केस-दाढी पांढरीशुभ्र, दिसायला सत्तरीचा. मध्यंतरात बदल सहज होतो, पण व्होल्गाकाठ यांची मागे-पुढे जाणारी रचना घेतलीत तर होणार नाही. मग दाढी मधल्या करड्या रंगाची ठेवून वय चालण्यातून आणि चष्म्यातून दाखवा. गमाने चिकटवलेली दाढी दुसऱ्या अंकात घामाने सुटते, भरपूर संवाद असलेल्या नटाला तर हमखास.

परवानगी. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तालमीत संवाद बदलतच राहतात, म्हणून बऱ्यापैकी पक्की प्रत पाठवा. विषयाची धास्ती बाळगू नका. मराठीत समलिंगी नायिकेचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१मध्ये रंगमंचावर आलं, कलम ३७७चा निकाल लागला सप्टेंबर २०१८मध्ये.

भाच्याबद्दल एक. सहावी सिंफनी दाविदोवला अर्पण आहे आणि पत्रांतली ओढ उघड आहे, म्हणून त्याला प्रियकर करण्याचा मोह होईल. तो १८७१चा, त्याला चायकोव्हस्कीने लहानपणापासून पाहिलेलं, आणि पत्रांतून भावनेपलीकडे काही सिद्ध होत नाही. प्रणयप्रवेश लिहू नका. पत्राचा मायना आणि अर्पणपत्रिका पुरे.

अर्धविराम

भाच्याबाबत थोडा मतभेद. प्रणयप्रवेश नको हे बरोबरच, पण त्याला निव्वळ मायन्यापुरता उरवलात तर पुन्हा तीन टिंबंच झाली. त्याच्या प्रतिमेला जपण्यासाठी अडचणीचं ते गाळायचं, हेच मदेस्तने केलं होतं. अस्वस्थ करणारी ओढ आहे तशी राहू द्या, तिच्यावर सुंदर प्रकाश टाकू नका.

सूर_सावली

संगीताचं कोणी बोललं नाही म्हणून सविस्तर.

सहाव्या सिंफनीला आत्महत्येची चिठ्ठी म्हणून वापरू नका. फेब्रुवारी ते ऑगस्ट १८९३ असं तिचं काम चाललं, कृती उत्तम झाली म्हणून तो खूश होता, आणि २८ ऑक्टोबरला (आपल्या कॅलेंडरप्रमाणे) पहिला प्रयोग त्यानेच चालवला. नवव्या दिवशी तो गेला म्हणून आपण ती उलटीकडून ऐकतो.

पण चौथ्या भागाच्या सुरुवातीला तुमच्या नाटकासाठीच लिहावी अशी एक गोष्ट आहे. जी उतरती धून आपल्याला ऐकू येते, ती तिथे कोणीच वाजवत नाही. एक सूर पहिल्या व्हायोलिनांकडे, पुढचा दुसऱ्या व्हायोलिनांकडे, पुन्हा पहिल्यांकडे, असे सूर वाटून दिलेत. एकट्या गटाचं वाजवणं ऐकलं तर वेड्यावाकड्या उड्या वाटतात. दोन्ही एकत्र आले की कानात धून जुळते. त्या काळी हे दोन गट मंचाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायचे. आणि पुढे हीच धून परत येते तेव्हा ती पूर्णच्या पूर्ण पहिल्या व्हायोलिनांना दिलेली आहे, उघडपणे.

हे रेकॉर्डिंगवर सोडू नका. दोन व्हायोलिनवादक घ्या, एक डाव्या विंगेत, एक उजव्या. पहिल्या अंकात आधी डावीकडचा भाग एकटा, मग उजवीकडचा एकटा, नंतर केव्हातरी दोन्ही मिळून. शेवटी एकाच वादकाने मंचावर येऊन पूर्ण धून वाजवायची. लागतात त्या सगळ्या मिळून तीनेक मिनिटांच्या जागा.

बिघडतं कुठे ते सांगतो. एका वादकाचा आवाज जरा जरी मोठा झाला की धून फुटते, म्हणून धनुष्याचा दाब आणि व्हायब्रेटो (सुराचा कंप) दोघांचं तंतोतंत जुळवायला निदान सहा-सात तालमी एकत्र हव्यात. माइक लावले आणि ध्वनिवाल्याने दोन्ही एकत्र करून मधून सोडले, तर सगळी गंमत गेली. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, असं स्पष्ट लिहून द्या. पुढच्या तीन रांगांत कडेला बसलेल्यांना एकच बाजू ऐकू येते, म्हणून लहान नाट्यगृहात माइक नसलेलेच बरे. सिंफनीचा खरा शेवट चेलो आणि बासच्या अतिमंद सुरांत विरतो. वातानुकूलनाच्या घरघरीत तो ऐकूच जाणार नाही, त्याच्यावर पडदा बेतू नका.

हक्कांचं: स्वरलेखन मुक्त आहे, कोणाला पैसे द्यायचे नाहीत. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, भारतात तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. पत्रांच्या इंग्रजी भाषांतरांवर भाषांतरकाराचा हक्क असतो, त्यावरून मराठी करायचं तर लेखी परवानगी घ्या, किंवा मूळ रशियनवरून करून घ्या. अलीकडच्या दशकांत पहिल्यांदा छापली गेलेली पत्रं वापरत असाल तर मरणोत्तर प्रकाशनाचा नियम वेगळा आहे, ते वकिलाला दाखवून घ्या.

तिसरी_घंटा

संपादकाचा प्रवेश आणि दोन व्हायोलिनं, दोन्ही घेतो आहे. पेन्सिल टेकल्यावर आवाज बंद होतो तेव्हा व्हायोलिनही एकाच बाजूचं चालू ठेवलं तर?

सूर_सावली

चालेल, फक्त उजवीकडचं ठेवा. ते दुसऱ्या व्हायोलिनचं आहे. उरलेल्या सुरांची प्रेक्षक वाट बघत राहील, अशा जागी तोडा. संपादकाचं टेबल त्या विंगेपासून लांब, डावीकडे मांडा, म्हणजे पेन्सिलीचा आवाज आणि सूर एकमेकांवर येणार नाहीत.